पहाटेचा अभ्यास आणि सकाळची शिस्त: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात पेठेच्या भागात मी अभ्यासिका चालवतो. राज्यसेवा, संयुक्त परीक्षा, सरळसेवा, पोलीस भरती, यूपीएससी अशा सरकारी नोकरीच्या सगळ्या स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलंमुली इथं बसतात. बहुतेक जण पहिल्यांदाच गाव सोडून आलेले, कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन राहणारे, मेसवर जेवणारे. फी आणि खुर्चीचा नंबर ठरला की पुढचा प्रश्न हमखास सकाळचा असतो. तो इतक्या वेळा आणि इतक्या काळजीने विचारला जातो, की उत्तरं एका जागी लिहून ठेवावीत असं वाटलं.

पहाटे चारला उठल्याशिवाय पोस्ट (सरकारी पद) निघत नाही, हे खरं आहे का?

नाही. इथं बसून पोस्ट काढलेल्यांत पहाटे साडेचारला दिवा लावणारे होते, तसे साडेसातला उठून साडेआठला खुर्चीवर येणारेही होते. त्यांच्यात सारखी गोष्ट एकच दिसली: प्रत्येकाची वेळ ठरलेली होती आणि ती रोज तीच असायची. साडेआठला येणारा सोमवारीही साडेआठलाच यायचा, पावसातही आणि निकाल लागल्याच्या दुसऱ्या दिवशीही.

सत्कारात यशस्वी उमेदवार ‘मी चारला उठायचो’ असं सांगतो, तेव्हा आपण तेवढंच वाक्य उचलतो. तो रात्री साडेनऊला झोपत होता, हे विचारायचं राहून जातं. ‘लवकर निजे, लवकर उठे’ ही म्हण आपल्याला शाळेपासून पाठ आहे. तिच्यात ‘निजे’ आधी आलंय.

मग ब्राह्ममुहूर्ताचं काय? घरचे म्हणतात तीच वेळ अभ्यासाची.

घरच्यांचं म्हणणं मोडीत काढू नका, पण ही वेळ नीट समजून घ्या. एक मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटं. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या दोन मुहूर्त आधी, म्हणजे ९६ मिनिटं आधी सुरू होतो आणि ४८ मिनिटं चालतो. सूर्योदय वर्षभर सरकत असतो, त्यामुळे ब्राह्ममुहूर्तही सरकतो. पुण्यात जानेवारीत सूर्य सातच्या पुढे दहाएक मिनिटांनी उगवतो, म्हणजे ब्राह्ममुहूर्त साडेपाचच्या पुढे लागतो. जूनच्या सुरुवातीला सूर्योदय सहाच्या जरा आधी असतो, तेव्हा तो सव्वाचारनंतर लगेच सुरू होतो. गडचिरोलीत सूर्य पुण्याच्या वीसेक मिनिटं आधी दिसतो, तिथला हिशोब आणखी वेगळा.

म्हणजे ही घड्याळाची वेळ नव्हे, उजेडाची आहे. ती पाळणारी माणसं दिवेलागणीनंतर लवकर जेवून झोपत. तुमची मेस रात्री नऊला वाढते, त्यानंतर चहाच्या टपरीवर गप्पा होतात आणि खोलीवर पोचेपर्यंत अकरा वाजतात. त्यावर चारचं उठणं चिकटवलं तर हाती फक्त पाच तासांची झोप लागते. आयुर्वेदानेही ब्राह्ममुहूर्ती उठायला सांगितलं आहे ते निरोगी माणसाला. झोप न झालेला माणूस त्यात बसत नाही.

नेमकी किती झोप हवी? पाच तासांत माझं भागतं.

प्रौढ माणसाला सात तास किंवा त्याहून जास्त. अठराच्या आतल्या मुलांना आठ ते दहा. पाच तासांत भागतं असं वाटतं, कारण सलग कमी झोपणाऱ्याला आपली धार किती कमी झाली आहे हे स्वतःला कळेनासं होतं. इथं मी ते रोज बघतो. पान उलटलं जात असतं, डोळे ओळीवर असतात, आणि तासाभराने ‘काय वाचलं?’ म्हटलं तर मथळ्यापलीकडे काही सांगता येत नाही.

तयारी करणाऱ्याने झोप कमी करून वेळ वाचवायच्या भानगडीत पडू नये, याला आणखी एक कारण आहे. दिवसभर वाचलेलं पक्कं बसण्याचं बरंचसं काम मेंदू झोपेतच करतो. राज्यघटनेची कलमं रात्री दोनपर्यंत घोकली आणि सहाला उठलात, तर त्या कलमांचंच नुकसान होतं.

गजर होतो, हात आपोआप तो बंद करतो आणि डोळे उघडतात तेव्हा साडेआठ वाजलेले असतात. इच्छाशक्तीच कमी आहे का माझी?

इच्छाशक्तीला दोष देऊ नका. गाढ झोपेतून एकदम जाग आली की मेंदूचा विचार करणारा भाग सुरू व्हायला वेळ घेतो. ही गुंगी साधारण पंधरा मिनिटं ते अर्धा तास टिकते, झोप अपुरी असेल तर त्याहून जास्त. त्या अवस्थेत ‘अजून दहा मिनिटं’ हा निर्णय तुम्ही जागेपणी घेतलेलाच नसतो. म्हणून त्या वेळी काही ठरवावं लागणार नाही अशी सोय आदल्या रात्री करून ठेवायची.

फोन उशाशी ठेवू नका. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, शक्यतो दाराजवळ ठेवा. त्याहून बरं म्हणजे शंभर-दोनशे रुपयांचं गजराचं घड्याळ घ्या आणि फोन रात्री दप्तरात टाका. गजर बंद करायला उठावं लागलं की परत कॉटवर न येता थेट बेसिनकडे जायचं. तोंडावर पाणी, दिवा चालू, पांघरुणाची घडी. घडी घातलेल्या अंथरुणात परत शिरणं जड जातं, हे होस्टेलवर राहिलेल्या कुणालाही विचारा.

पुन्हापुन्हा पाच-दहा मिनिटांनी वाजणारा गजर लावू नका. त्या तुकड्यातुकड्यांच्या झोपेने विश्रांती मिळत नाही, आणि गजर झाला तरी उठायचं नसतं हा धडा शरीर शिकतं.

लवकर झोपायचं ठरवतो, पण एक वाजेपर्यंत झोपच येत नाही.

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्या शरीरात एक घड्याळ असतं. ते पेशींच्या पातळीवर कसं चालतं, हे उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. हे घड्याळ बहुतेकांच्या बाबतीत चोवीस तासांपेक्षा थोडं मोठं असतं. त्यामुळे रोज थोडं उशिरा झोपणं आपोआप जमतं, आणि लवकर झोपायला मात्र प्रयत्न लागतात. त्यातून विशीच्या आसपासच्या वयात हे घड्याळ आयुष्यात सगळ्यात उशिराकडे झुकलेलं असतं. बाबा पाचला सहज उठतात आणि तुम्हाला जमत नाही, यात वयाचा वाटा मोठा आहे. बाबांनी तुम्हाला आळशी म्हटलं असेल, तर त्यांना हे जरूर सांगा.

हे घड्याळ रोज जुळवून घेतं ते उजेडावर. सकाळी डोळ्यांत उजेड गेला की ते पुढे सरकतं आणि रात्री झोप लवकर येते. रात्री उशिरा प्रखर उजेड पडला तर ते मागे पडतं. म्हणून उलट्या टोकाने सुरुवात करा. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, कारण झोप हुकूम दिल्याने येत नाही. उठायची वेळ मात्र हातात असते. आज एकला झोपलात तरी उद्या ठरलेल्या वेळी उठा आणि अर्ध्या तासाच्या आत पंधरा-वीस मिनिटं बाहेर उघड्यावर चाला. ढगाळ सकाळीही बाहेरचा उजेड खोलीतल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो. पहिले दोन-तीन दिवस जड जातील, पण त्या रात्री झोप आधी येईल.

उडी मोठी मारू नका. आठला उठणाऱ्याने एकदम पाचचा गजर लावला की चौथ्या दिवशी तो परत आठवर येतो. दर तीन-चार दिवसांनी गजर पंधरा मिनिटं लवकरचा लावा. आठवरून सहावर यायला महिना लागेल. लागू द्या.

रात्रीच्या बाजूने दोनच गोष्टी सांगतो. संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी बंद. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे नऊच्या कटिंगचा अर्धा अंमल रात्री दोनपर्यंत राहतो. आणि अंथरुणात मोबाइलवर व्हिडिओ लेक्चर बघायचं नाही, ते कितीही अभ्यासाचं असलं तरी.

उठल्यावर पहिलं काम कोणतं करावं?

आपल्याकडे जाग आल्यावर आधी स्वतःचे तळहात बघायची पद्धत आहे. आता त्या तळहातात फोन असतो. टेलिग्रामवर कुणीतरी कटऑफचा अंदाज टाकलेला असतो, कुणी जाहिरात पुढे ढकलल्याची बातमी दिलेली असते, आणि दिवस सुरू व्हायच्या आत मन खचतं. परीक्षेच्या ग्रुपवर पहाटे सहाला कळलंच पाहिजे असं काही येत नाही. पहिली बैठक होईपर्यंत फोन उघडू नका.

बाकी क्रम साधा ठेवा. पाणी, शौच-आंघोळ, बाहेर चालणं, मग खुर्ची. आठ जणांच्या फ्लॅटमध्ये बाथरूमची रांग हा खरा अडथळा असतो, त्यामुळे कोण किती वाजता जाणार हे कागदावर लिहून दाराला चिकटवा. मुली हे जास्त व्यवस्थित करतात, असं मी पाहिलं आहे.

आदल्या रात्री टेबलावर उद्याचं पुस्तक उघडून ठेवा, ज्या पानापासून सुरू करायचं त्या पानावर. शेजारी पेन आणि कोरा कागद. सकाळी आल्यावर ‘आज काय वाचू?’ यातच अर्धा तास जातो, तो वाचतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी १९९० च्या दशकात नेमकं यावर काम केलं. ‘मी उद्या अभ्यास करीन’ असं मोघम ठरवण्यापेक्षा ‘अमुक झालं की अमुक ठिकाणी अमुक करीन’ असं ठरवणाऱ्यांच्या हातून ते काम होण्याची शक्यता जास्त असते. ‘आंघोळ झाली की खुर्चीवर बसून गणिताची वीस उदाहरणं’ एवढं स्पष्ट.

सकाळी कोणता विषय घ्यावा? मी दोन तास पेपर वाचतो.

पेपर दुपारनंतर वाचा. तो वाचायला ताजं डोकं लागत नाही. आणि त्यात अभ्यास झाल्याचं समाधान मिळतं, म्हणूनच तो सकाळ खातो.

ज्या विषयाला तुम्ही घाबरता तो सकाळी. बहुतेकांचा तो गणित-बुद्धिमत्ता असतो, नाहीतर उत्तरलेखन. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. पर्याय ओळखण्याची सवय लागलेल्या मुलांना कोऱ्या कागदाची धास्ती वाटते. तो कागद सकाळी पहिल्या तासात समोर घ्या. रोज एक उत्तर. संध्याकाळी लिहीन म्हणणाऱ्यांचं लिहिणं आठवड्यातून एकदाही होत नाही, हे वर्षानुवर्षं बघतोय आणि दर वेळी वाईट वाटतं.

यूपीएससी देणाऱ्यांसाठी आणखी एक. पूर्वपरीक्षेचा पहिला पेपर साडेनऊला सुरू होतो आणि दुसरा, म्हणजे सीसॅट, दुपारी अडीचला. जो वर्षभर रात्री अभ्यास करून दहाला उठतो, त्याचं शरीर साडेनऊला अर्धवट झोपेत असतं. जो रोज दुपारी जेवून चारपर्यंत झोपतो, त्याला अडीच वाजता उतारे वाचताना जांभया येतात. निदान शेवटचे दोन महिने या दोन्ही वेळांना खुर्चीवर जागे राहायची सवय करा.

म्हणजे दुपारी झोपायचंच नाही?

वीस मिनिटं जरूर झोपा, तीनच्या आत, गजर लावून. अर्ध्या तासाच्या पुढे गेलात की गाढ झोप लागते. उठल्यावर डोकं जड होतं आणि रात्री झोप उशिरा येते. आपल्याकडे जेवणानंतर डाव्या कुशीवर घटकाभर पडतात, तिला वामकुक्षी म्हणतात. घटका २४ मिनिटांची असते.

व्यायाम सकाळीच करावा का?

पोलीस भरतीवाल्यांना पर्याय नाही, मैदान सकाळीच असतं. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक. त्यांनी धावून आल्यावर खाऊन घ्यावं आणि अभ्यास नऊनंतर धरावा. धावून आल्याआल्या पुस्तक घेतलं की हमखास डुलकी लागते.

बाकीच्यांनी चालणं पुरे. हनुमान टेकडी, पर्वती, नदीकाठ, जे जवळ असेल ते. सूर्यनमस्कार घालायला तर कॉटशेजारची सहा फूट जागाही चालते. मात्र जिमची वर्षाची फी भरून तयारीची सुरुवात करू नका.

माझं लग्न झालंय, तीन वर्षांचं मूल आहे. सकाळ माझी नसतेच. मी काय करू?

हा प्रश्न एका ताईंनी विचारला, तेव्हा माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. मी त्यांना साडेचारला उठा म्हणालो. त्या म्हणाल्या, ‘मूल रात्री दोनदा उठतं, साडेपाचला पाणी येतं, सहाला कुकर, सातला यांचा डबा.’ मी सांगितलेला सल्ला चुकीचा होता आणि तो दिल्याची मला आजही खंत आहे.

त्यानंतर अशा अनेक जणींशी बोलून जे समजलं ते असं. सकाळच्या नियमाचा गाभा म्हणजे दिवसातला एक ठरलेला, कुणीही न मोडणारा तुकडा. तो पहाटेच हवा असं नाही. त्या ताईंनी मूल अंगणवाडीत गेल्यावरचे दोन तास धरले, साडेदहा ते साडेबारा. घरी बसलं की कामं दिसतात म्हणून त्या इथं यायच्या. भाजी रात्री निवडून ठेवायची, कणीक सासूबाई मळायच्या, आणि पाणी भरण्याचं काम नवऱ्याने घेतलं. त्यासाठी घरात एकदा स्पष्ट बोलावं लागलं, ते सोपं गेलं नाही.

घरातल्या इतरांना माझं कळकळीने सांगणं आहे: तिला ‘लवकर उठून कर’ म्हणू नका. ती सगळ्यांच्या आधीच उठलेली असते. तिच्या कामातलं एक काम कायमचं आपल्याकडे घ्या.

मी रात्रपाळी करतो.

मग तुमची सकाळ तुम्ही उठता तेव्हा होते. पाळीवरून घरी जाताना डोळ्यांवर ऊन कमी पडेल असं बघा, खोली काळोखी करून झोपा, उठल्यावरचा पहिला दीड तास अभ्यासाचा. दर आठवड्याला पाळी बदलत असेल तर झोपेची वेळ स्थिर राहणारच नाही. अशा वेळी रोज एक तास एवढंच लक्ष्य ठेवा आणि शक्य असेल तर एकच पाळी मागून घ्या.

एकवीस दिवस केलं की सवय लागते ना?

एवढी लवकर नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी ९६ जणांना एकेक नवी साधी सवय लावायला सांगून हे मोजलं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणासाठी अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. बावीसाव्या दिवशीही उठणं जड जात असेल, तर तुमच्यात काही खोट नाही.

त्याच अभ्यासातली मला जास्त मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. गावाला जत्रेला गेलात, ताप आला, बहिणीचं लग्न होतं, दोन दिवस चुकले. तिसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी या. ‘आता मोडलंच आहे, तर सोमवारपासून नव्याने’ असं म्हणणाऱ्यांचे महिने जातात.

रविवारी तरी उशिरा उठू का?

तासभर चालेल. रविवारी अकराला उठलात की रात्री झोप येत नाही आणि सोमवारी विमानाने परदेशातून आल्यासारखं होतं. आठवड्याची थकबाकी राहिलीच असेल तर शनिवारी रात्री लवकर झोपा.

निकालात नाव नव्हतं. तेव्हापासून उठावंसंच वाटत नाही. सगळी शिस्त गेली.

आधी घरी जा. दोन-चार दिवस आईच्या हातचं जेवा, झोपा, कुणाला काही समजावून सांगू नका. एक-दोन मार्कांनी गेलेल्या मुलांना मी जवळून पाहिलं आहे. त्या दिवसांत त्यांना वेळापत्रक दाखवणं क्रूरपणाचं आहे.

परत आलात की जुनं वेळापत्रक लगेच उचलू नका. फक्त उठायची वेळ धरा. उठा, आंघोळ करा, बाहेर चालून या. पुस्तक उघडलं नाही तरी चालेल. आठवडाभर एवढंच. मग एक तास.

मात्र दोन आठवडे उलटले तरी झोप लागत नसेल किंवा दिवसभर नुसतं पडून राहावंसं वाटत असेल, जेवण तुटलं असेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर हा शिस्तीचा प्रश्न राहिलेला नाही. डॉक्टरांकडे जा. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, तिथं रात्रीही बोलता येतं आणि मराठीतून बोलता येतं. खोलीतल्या मित्राला उठवा. माझ्याकडे या, कितीही वाजता.

अभ्यासिकेचं दार किती वाजता उघडतं?

साडेपाचला. हिवाळ्यात तेव्हा अंधार असतो, जिन्यातला दिवा मी लावून ठेवतो. साडेपाचला येणाऱ्यांसाठी खिडकीकडची रांग राखून ठेवतो, कारण पूर्वेचा उजेड आधी तिथं येतो. तुम्ही साडेआठचे असाल तर साडेआठला या. तुमची खुर्ची तोवर कुणी घेत नाही.